उलटा के

बाबा उभे राहिले नाहीत. एवढीच गोष्ट. आमच्या पुढची रांग उभी, मागची उभी, शेजारच्या पिवळ्या टीशर्टातल्या आजीबाई काठी टेकत उभ्या, माझा अकरा वर्षांचा मुलगा तर खुर्चीवरच चढलेला. आणि मधोमध बाबा, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघत बसून. मी कानाशी वाकून म्हटलं, "बाबा, उठा ना, सगळे उठलेत." मान न वळवता ते म्हणाले, "गुडघा." ठीक आहे, चौऱ्याहत्तर वर्षांचा गुडघा. पण थोड्या वेळाने अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा तोच गुडघा विनातक्रार सरळ झाला. बाबा ताठ उभे, हात बाजूला, दादरच्या शाळेत शिकवलेलं सावधान. गीत संपलं आणि ते पुन्हा बसले. मी काही बोलले नाही. पण ते मनात राहिलं, दातात बडीशेप अडकावी तसं.

ती १२ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ. सिॲटलच्या मरिनर्स या बेसबॉल संघाने त्या दिवशी आपल्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या यादीत, आपला जुना पिचर (चेंडू टाकणारा) फेलिक्स हर्नांडेझ याला घेतलं. आईबाबा सहा महिन्यांसाठी आले होते आणि त्यांचा चौथा महिना चालू होता. म्हणजे बघण्यासारखं सगळं बघून झालेलं, कॉस्टको हे भलंमोठं दुकानसुद्धा दहा वेळा झालेलं. मुलाने हट्ट धरला की आजोबांना बेसबॉल दाखवायचंच. आई म्हणाली, "मला नको तुमचं ते दांडकं, मी घरी निवांत बसते." मग आम्ही तिघं नॉर्थगेटला गाडी लावून लाइट रेल्वेने निघालो. डब्यात गर्दी चढत गेली, पिवळे टीशर्ट वाढत गेले, आणि एका स्टेशनावर माणसं अशी आत घुसली की बाबांचा चेहरा त्या सबंध दौऱ्यात पहिल्यांदा खुलला. "हे बरं आहे," ते म्हणाले. "गणपतीतली परळची गाडी."

स्टेडियममध्ये शिरलं की आधी वास येतो. तळलेल्या बटाट्यावर ओतलेल्या लसणाचा, सांडलेल्या बिअरचा, आणि वारा पश्चिमेचा असेल तर खाडीचा. कुंपणालगतच मालगाड्यांचे रूळ आहेत, त्यामुळे ऐन शांततेत इंजिनाचा भोंगा लांबलचक वाजतो आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. बाबांना वाटलं. प्रत्येक भोंग्याला ते मान वळवत होते. भोंग्यांवर ज्याचं अर्धं आयुष्य गेलं त्याने वळवावीच. मुलगा त्यांना एका टपरीपाशी घेऊन गेला, तिथे भाजलेले नाकतोडे मिळतात, मेक्सिकन पद्धतीचे, तिखट आणि लिंबू लावून. २०१७ साली ते असे खपले की दर सामन्याला ३१२ पुड्याच विकायच्या असं ठरलं. ३१२ च का, तर एडगर मार्टिनेझ या इथल्या लाडक्या फलंदाजाची कारकिर्दीची सरासरी .३१२. बाबांना नाकतोड्यांपेक्षा हा हिशेब आवडला. "माणसाची सरासरी भजीच्या टोपलीत मोजतात," म्हणाले, "चांगलं आहे." खाल्ले मात्र नाहीत.

फेलिक्सची ओळख करून देण्याचं काम मुलाकडे होतं. त्याचं मराठी घरापुरतं आहे, बेसबॉल त्यात बसवताना त्याला धाप लागते. व्हेनेझुएलाच्या वालेन्सिया गावचा मुलगा, सोळाव्या वर्षी संघाने करारबद्ध केलं, १९ व्या वर्षी, २००५ च्या ऑगस्टमध्ये, तो पहिला सामना खेळला. लोकांनी त्याला आधीच राजा म्हणायला सुरुवात केली होती. पुढे त्याच्या सामन्यांना डाव्या बाजूचा एक कोपरा राजदरबार म्हणून राखून ठेवू लागले; तिथल्या सगळ्यांना पिवळे टीशर्ट आणि हातात पिवळे पुठ्ठे, त्यावर रोमन लिपीतलं के अक्षर. के म्हणजे बॅटर तीन स्ट्राइकमध्ये बाद. दरबार के, के, के असं ओरडायला लागला की समोरच्या बॅटरला काय वाटत असेल कुणास ठाऊक. "आणि बॅट न फिरवता नुसता बघत राहून आउट झाला तर के उलटा धरतात, आरशात दिसतो तसा," मुलगा म्हणाला. बाबांनी तो उलटा के हवेत बोटाने काढून पाहिला. शेजारच्या आजीबाईंनी ते बघितलं आणि पिशवीतून एक जुना पुठ्ठा काढून त्यांच्या हातात दिला. कडा मऊ पडलेल्या, एका कोपऱ्यावर कॉफीचा डाग. मग त्यांनी मला त्या दुपारची गोष्ट सांगितली, त्याच स्टेडियममधली, १५ ऑगस्ट २०१२ ची. टॅम्पा बेच्या संघाचे सत्तावीस बॅटर आले, सत्तावीस गेले, एकही पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, पोचला नाही. परफेक्ट गेम. अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉलच्या सबंध इतिहासात तोवर असे बावीसच झाले होते. स्कोअर १-०. शेवटचा बॅटर नुसता बघत राहिला. उलटा के.

मी ते बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी त्यातलं एकच पकडलं. "एकच रन? एवढी बोलिंग केली आणि ह्यांनी त्याला एकच रन काढून दिला?"

तिथेच सगळी गोम आहे. फेलिक्स पंधरा वर्षं एकाच संघाकडून खेळला आणि तो संघ त्यातला बराचसा काळ हरत होता. २०१० साली त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला तेव्हा त्याच्या नावावर १३ विजय होते आणि १२ पराभव. त्याच वर्षी संघ १०१ सामने हरला, आणि १६२ सामन्यांत मिळून धावा काढल्या ५१३. म्हणजे हा बिचारा आठ आठ इनिंग (एका सामन्यात असे नऊ छोटे डाव असतात) पिचिंग करून डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकावर, टॉवेल घेऊन बसायचा आणि बाकीचे येऊन जाऊन बाद व्हायचे. इथे त्याला एक क्रियापदच आहे. एखाद्याने जीव तोडून पिचिंग करावं आणि संघाने एकही धाव काढू नये, तर तो माणूस 'फेलिक्स झाला' म्हणतात. त्याला जाता आलं असतं. न्यूयॉर्क, बॉस्टन, पैशाला आणि किताबाला काय तोटा. २०१३ मध्ये त्याने सिॲटलशीच आणखी सात वर्षांचा करार केला, १७.५ कोटी डॉलर, आणि पत्रकार परिषदेत बोलता बोलता रडला. पैसा भरपूर मिळाला, ते नाकारायचं कारण नाही. पण ज्याच्यासाठी खेळतात ते, शरद ऋतूतले बाद फेरीचे सामने, त्याच्या वाट्याला एकदाही आले नाहीत. २०१९ च्या सप्टेंबरात तो शेवटचं पिचिंग करून गेला, तो सामनाही संघ हरलाच. आणि तीन वर्षांनी, २०२२ च्या ३० सप्टेंबरला, एकवीस वर्षांचा दुष्काळ संपवून संघ बाद फेरीत पोचला. त्या रात्री शहराने फटाके उडवले. हा त्यात नव्हता.

हॉल ऑफ फेम दोन असतात, हे बाबांना समजावताना माझीच दमछाक झाली. एक न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन नावाच्या गावात, सगळ्या खेळाचा मिळून. तिथे पत्रकार मतं देतात आणि ७५ टक्के मिळाली तरच भिंतीवर ब्राँझचा चेहरा लागतो. दुसरा प्रत्येक संघाचा आपापला, घरचा. मरिनर्सच्या या घरच्या यादीत फेलिक्स अकरावा. त्या यादीत एक प्रशिक्षक आहे. आणि एक माणूस असा आहे ज्याने संघासाठी कधी चेंडू हातात धरला नाही. डेव्ह नीहाउस, रेडिओवरचा कॉमेंट्रीवाला. संघाच्या पहिल्या दिवसापासून, १९७७ पासून, २०१० मध्ये वारला त्या वर्षापर्यंत. हरणाऱ्या संघाचे हजारो सामने त्याने लोकांच्या स्वयंपाकघरात आणि गॅरेजमध्ये पोचवले. हे बाबांना लगेच पटलं. "म्हणजे आपले बाळ ज. पंडित," ते म्हणाले. "त्यांना पहिला नंबर द्यायला हवा." नीहाउसचा नंबर दुसरा आहे, २००० सालचा. मी दुरुस्ती केली नाही.

समारंभ असा काही भव्य नव्हता. मैदानात खुर्च्या मांडलेल्या, एक व्यासपीठ, मोठ्या पडद्यावर जुन्या चित्रफिती. विशीतला सडपातळ फेलिक्स कमरेत वळून पाठ दाखवतो आणि चेंडू सोडतो, आणि त्याच्याच खाली, हिरवळीवर, आताचा जाडसर फेलिक्स सूट घालून ते बघतो. भाषणातलं अर्धं स्पीकरच्या प्रतिध्वनीत गेलं. लोकांना त्याची फिकीर नव्हती. शेजारच्या आजीबाई डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. मला एकदम आपल्याकडचे सत्कार आठवले: शाल, श्रीफळ, न वाचता येणारं मानपत्र, आणि 'वेळेअभावी' आवरतं घेतलेलं सत्कारमूर्तीचं मनोगत. इथे शाल नाही, नारळ नाही. पण चाळीसेक हजार माणसं एका माणसाला सांगत होती की आम्ही हरत होतो तेव्हा तू होतास. सगळे उठले ते तेव्हाच. आणि बाबा बसून राहिले ते तेव्हाच.

सामना सुरू झाल्यावर मात्र ते बोलू लागले. विषय बेसबॉल नव्हता, पद्माकर शिवलकर होता. बाबांच्या तोंडून पॅडी शिवलकरांबद्दल मी इतकं ऐकलंय की ते आमचे लांबचे काका आहेत असं लहानपणी वाटायचं. बाबा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून त्यांची गोलंदाजी बघायचे. चेंडू हातातून सुटतो तेव्हा बोटांचा आवाज येतो, असं सांगायचे. कट्ट्यापर्यंत तो कसा येईल हे मी कधी विचारलं नाही. प्रथम श्रेणीत १२४ सामने, ५८९ बळी. चेपॉकवरची १९७२-७३ ची रणजी फायनल तर बाबांना घडल्यासारखी पाठ आहे: एका डावात १६ धावांत ८, दुसऱ्यात १८ धावांत ५, आणि तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर सामना खलास. भारताकडून मात्र एकही कसोटी नाही. डावखुऱ्या फिरकीच्या त्याच जागेवर बिशनसिंग बेदी होते, काय करणार. हरियाणाच्या राजिंदर गोयलांचंही तेच. दोघांना २०१७ मध्ये सी. के. नायडू जीवनगौरव एकदमच मिळाला. "पण याचं आणि त्याचं उलट आहे बघ," बाबा मैदानाकडे हात करून म्हणाले. "हा मोठा, याचा संघ हरणारा. पॅडीची मुंबई हरायचीच नाही. पंधरा वर्षं सलग रणजी. त्याला घरचं सगळं मिळालं, वरचं दार उघडलं नाही." मग थोड्या वेळाने, मुलाच्या लसणी बटाट्यातला एक उचलत: "घरचं तरी मिळालं."

हे वाक्य कुठून आलं ते मला कळायला हवं होतं. तेव्हा कळलं नाही, कारण मुलगा त्याच वेळी आजोबांना पिच क्लॉक म्हणजे काय ते सांगत होता.

बाबा लालबागच्या एका गिरणीत हिशेब खात्यात होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा मी जेमतेम पाच वर्षांची. संपाचं आठवतं ते एवढंच की बाबा दुपारी घरी असायचे आणि आई त्यांच्याशी हळू आवाजात बोलायची. नंतर गिरणी अर्धीमुर्धी सुरू झाली. खात्यातले एकेक जण निघाले. एक बँकेत चिकटला, दोघे आखातात, एकाने डोंबिवलीला स्टेशनरीचं दुकान टाकलं. बाबांनाही एक चांगली नोकरी चालून आली होती, ती त्यांनी घेतली नाही. का, याचं उत्तर घरात कायम एकच: "हिशेब अर्धवट होते." कामगारांच्या फंडाचे, ग्रॅच्युइटीचे हिशेब. ते पुरे करायला कुणीतरी हवं होतं. चौदा-पंधरा वर्षं ते पुरे करत राहिले. मग एका सकाळी ते डबा घेऊन गेले आणि अकरा वाजता डबा तसाच घेऊन परत आले. फाटकावर नोटीस होती. निरोप समारंभ नाही, घड्याळ नाही, पेढे नाहीत. डबा त्यांनी घरीच बसून खाल्ला. भेंडीची भाजी होती, हे मला आठवतं आणि का आठवतं ते सांगता येत नाही. पुढे एका सीएकडे लागून त्यांनी वयाची साठी काढली.

आता वाटतं, त्या खुर्चीवर बसून त्यांना हे आठवलं असेल का? की मीच हे त्यांच्या गुडघ्यावर आणून ठेवतेय? परदेशात राहणाऱ्या मुलींना आईबापांच्या प्रत्येक हालचालीत अर्थ शोधायची खोड असते. वर्षातले अकरा महिने हालचाल दिसत नाही, मग उरलेल्या एका महिन्यात काहीच वाया जाऊ देववत नाही.

सामन्यात मात्र जे झालं ते कुणी कथेत लिहिलं असतं तर संपादकाने परत पाठवलं असतं. मरिनर्सकडून त्या रात्री पिचिंगला होता जॉर्ज कर्बी. समोर बाल्टिमोरचा संघ. कर्बीने पहिली इनिंग काढली, दुसरी काढली, पाचवी, सातवी. फलकावर दोन्हीकडे शून्य. आठव्या इनिंगला लोक एकमेकांकडे बघून हसायला लागले, ते हसू आनंदाचं नव्हतं. हल्ली पिचरला नऊ इनिंग टाकूच देत नाहीत, सहा झाल्या की खांदा जपायला उतरवतात. कर्बी नवव्या इनिंगला पुन्हा आला. शेवटचा बॅटर बाद झाला आणि कर्बी मान खाली घालून डगआउटकडे चालू लागला. नऊ इनिंग, एकही धाव दिली नाही, आणि विजय नाही, कारण ह्यांनीही एकही काढली नव्हती.

तेव्हा बाबा उठले. खुर्चीचा हात धरून, एका बाजूने कलत. सगळं स्टेडियमच उठलं होतं म्हणा. पण यावेळी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काखेत पिवळा पुठ्ठा दाबून त्यांनी टाळ्या वाजवल्या, कर्बी आत दिसेनासा होईपर्यंत, आणि त्यानंतरही थोडा वेळ.

दहाव्या इनिंगला आजकाल दुसऱ्या बेसवर एक धावपटू आयता उभा करून देतात, सामना लवकर आटपावा म्हणून. बाबा खवळले. "हा कुठला न्याय? फुकटचा माणूस?" बाल्टिमोरने त्या इनिंगला एक धाव काढली. मरिनर्सना काढता आली नाही. ०-१. ज्या रात्री फेलिक्सचा सत्कार, त्याच रात्री कर्बी फेलिक्स झाला. आजीबाई काठी सावरत म्हणाल्या, असंच व्हायला हवं होतं, नाहीतर त्याला घरी आल्यासारखं वाटलंच नसतं. जिन्यावरून उतरताना मुलगा रडकुंडीला आलेला, म्हणत होता, "आजोबा, तो हरला नाही. टीम हरली." बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ते टीमला कळलं की झालं."

घरी पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटायला आली होती. दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी मी आईला हळूच विचारलं, बाबा काल असे का वागले. मी गिरणीचं, नोटिशीचं, भेंडीच्या भाजीचं सगळं काढलं. आई कोथिंबीर निवडत होती. "अगं, गुडघाच दुखत होता," ती म्हणाली. "रात्री तेल लावून दिलं मी. राष्ट्रगीताला माणूस मरत असला तरी उठतो, तुझे बाबा तर उठणारच." आणि नवव्या इनिंगला? तिने देठं बाजूला केली. "तोवर बरा झाला असेल."

२०२५ च्या जानेवारीत कूपरस्टाउनची मतं जाहीर झाली. त्याच मतपत्रिकेवर सिॲटलचे दोघे होते. इचिरो सुझुकीला ३९४ पैकी ३९३ मतं पडली. तो एक पत्रकार कोण, यावर इथे लोक आठवडाभर जेवले. फेलिक्सला २०.६ टक्के. मी बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वीस म्हणजे नापास नाही ना?" मी म्हटलं, पाच टक्क्यांच्या खाली गेलं तर नाव निघतं, हा राहतो, दहा वर्षं संधी असते. "मग राहू दे," म्हणाले. मार्चच्या ३ तारखेला शिवलकर गेले. बाबांनी व्हॉट्सॲपवर नुसता एक आकडा पाठवला, ५८९. खाली काही नाही. मी हात जोडलेली खूण पाठवली आणि ती किती अपुरी आहे ते बघत बसले.

त्या वर्षी डिसेंबरात दादरला गेले. दुपारी तीनला आमच्या पुढच्या खोलीत ऊन थेट टीव्हीवर येतं, वर्षानुवर्षं तिथे कधी वर्तमानपत्र, कधी जुनं कॅलेंडर चिकटवलेलं असतं. आता तिथे तो पिवळा पुठ्ठा होता. खिडकीच्या काचेला चारी कोपऱ्यांना सेलोटेप लावून बसवलेला, छापील बाजू रस्त्याकडे. मी विचारलं, असा बाहेर तोंड करून का लावलात, आपल्याला मागची कोरी बाजू दिसते. बाबा पेपरात होते. "ऊन येऊ दे," म्हणाले.

साडेतीनच्या सुमारास ऊन समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीआडून बाहेर आलं आणि पुठ्ठ्यातून आरपार ते अक्षर उमटलं. कॉफीच्या डागासकट, आमच्या बाजूने उलटं. बाबांनी चष्म्यावरून एकदा तिकडे बघितलं आणि पान उलटलं.